ठासणीचे रिव्हॉल्व्हर, काडतुसाची चक्री



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते ते सर आम्हाला वाफेची इंजिने शिकवत. इंजिनाच्या सिलिंडरात दाब कसा चढतो, कसा उतरतो, त्याचा आलेख कागदावर काढणारे एक छोटे यंत्र असते. त्याला इंडिकेटर म्हणतात. आमच्या प्रयोगशाळेत एक जुना रिचर्ड्स इंडिकेटर होता आणि सर त्याला कुणाला हात लावू देत नसत. चार्ल्स ब्रिंकरहॉफ रिचर्ड्स या अमेरिकन अभियंत्याचे हे यंत्र १८६२ च्या लंडन प्रदर्शनात गाजले. वेगाने फिरणाऱ्या इंजिनांच्या पोटात काय चालते ते त्यामुळे पहिल्यांदा नीट दिसू लागले. पुढे रिचर्ड्स येल विद्यापीठात प्राध्यापक झाला. सरांनी सांगितलेले एवढेच. मधली काही वर्षे तो कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्ड गावी कोल्टच्या कारखान्यात होता आणि २५ जुलै १८७१ रोजी त्याने लष्कराच्या ठासणीच्या रिव्हॉल्व्हरांना काडतूस बसवण्याचे पेटंट घेतले, हे मला फार उशिरा कळले. नोकरीमुळे त्याच राज्यात बिऱ्हाड केल्यावर.

आजचा विषय ती रिव्हॉल्व्हरे आणि ती गोळा करणारी माणसे. शस्त्रांच्या शौर्यकथा मी सांगणार नाही. मी टूलरूममध्ये आयुष्य काढलेला माणूस. मला त्यात लेथ दिसतो, कानस दिसते, तपासनिसाचा ठसा दिसतो. आणि माझे म्हणणे एवढेच आहे, की ही हत्यारे तंत्र उशिरा सापडले म्हणून उशिरा बदललेली नाहीत. तंत्र हाताशी होते. बारा वर्षे ती एका पेटंटाने अडवली, आणि नंतर बदलली ती बरीचशी सरकारी काटकसरीने. या दोन्ही गोष्टी त्या लोखंडावर वाचता येतात, मधल्या दीडशे वर्षांत कुणी ते घासूनपुसून लख्ख केले नसेल तर.

आधी ठासणीचे रिव्हॉल्व्हर कसे चाले ते पाहू. कोकणात शिकारीच्या आणि शेतराखणीच्या ठासणीच्या बंदुका आपल्यापैकी काहींनी पाहिल्या असतील. तोच प्रकार, फक्त सहा वेळा. कोल्टचे १८६० चे 'आर्मी' मॉडेल घ्या. नळी आठ इंच, वजन सव्वा किलोच्या आसपास, .४४ चे भोक. चक्रीला सहा खाने. प्रत्येक खान्यात समोरून दारू ओतायची, वर शिशाची गोळी ठेवायची, नळीखालच्या दांड्याने ती दाबून बसवायची. गोळी खान्यापेक्षा किंचित मोठी असते, त्यामुळे बसताना तिच्या कडेचे शिशाचे बारीक कडे कापले जाऊन बाहेर पडते. ते पडले म्हणजे गोळी घट्ट बसली. मग वर चरबीचा लेप द्यायचा, कारण एका खान्याची ठिणगी शेजारच्यात गेली तर दोन-तीन बार एकदम उडत आणि हातातले हत्यार हातातच फुटे. शेवटी चक्रीच्या पाठीमागच्या सहा निपलांवर, म्हणजे बारीक तोट्यांवर, ठोका बसताच ठिणगी देणाऱ्या तांब्याच्या सहा टोप्या चिकटवायच्या. लढाईत दारू आणि गोळी एकत्र गुंडाळलेल्या कागदी पुड्या मिळत, त्यामुळे थोडा वेळ वाचे. पण घोड्यावर बसून, पावसात, थंडीने बधिर झालेल्या बोटांनी ती मसुराएवढी टोपी निपलावर बसवायची म्हणजे काय ते ज्याचे त्याने समजावे. फुटलेल्या टोपीचा तुकडा रिव्हॉल्व्हरच्या घोड्याच्या फटीत अडकून यंत्र जाम होणे ही तर रोजची तक्रार होती.

काडतुसाने हे सगळे एका फटक्यात सुटते. दारू, गोळी आणि ठिणगी एकाच तांब्याच्या कवचात. बार उडताच कवच फुगते, खान्याच्या भिंतीला घट्ट चिकटते आणि वायू मागे येऊ देत नाही. मागची फट बंद करण्याचे, बंदूक घडवणाऱ्यांना शतकानुशतके न जमलेले काम ते पातळ पत्र्याचे नळकांडे करते. अट एकच, चक्रीचे खाने पुढून मागे आरपार कोरलेले हवेत. काडतूस मागून घालायचे तर मागे भोक पाहिजे, इतकी साधी गोष्ट.

आणि नेमक्या त्या साध्या गोष्टीवर एका माणसाचा हक्क होता. त्याचे नाव रॉलिन व्हाइट. तो पूर्वी कोल्टच्याच कारखान्यात कंत्राटी काम करत असे. ३ एप्रिल १८५५ रोजी त्याला जे पेटंट मिळाले त्यातले रिव्हॉल्व्हर कागदावरसुद्धा कसेबसे उभे होते. कागदी काडतुसे आणि चामड्याच्या चकत्या घेऊन चालणारे ते यंत्र कुणी गंभीरपणे बनवले नाही. पण त्यात एक कलम होते, चक्रीचे खाने मागच्या बाजूपर्यंत आरपार नेण्याचे. होरेस स्मिथ आणि डॅनियल वेसन यांना तेवढे एक कलम हवे होते. नोव्हेंबर १८५६ मध्ये त्यांनी व्हाइटशी करार केला. प्रत्येक रिव्हॉल्व्हरमागे व्हाइटला २५ सेंट, आणि पेटंटावर कुणी अतिक्रमण केले तर कोर्टात लढण्याचा भार व्हाइटच्या डोक्यावर. करार पाहिला की वाटते, ही जोडी बंदुका घडवण्याइतकीच कायदा घडवण्यातही तयार होती. १८५७ पासून त्यांची .२२ ची छोटी रिव्हॉल्व्हरे बाजारात आली. व्हाइट बिचारा कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहिला. तो जिंकलाही. मोठा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तिथे न्यायमूर्तींची मते समसमान पडली आणि खालच्या कोर्टाचा व्हाइटच्या बाजूचा निकाल कायम राहिला. ज्यांनी आरपार चक्र्या आधीच बनवून ठेवल्या होत्या, त्यांतल्या काही कारखानदारांना आपल्याच मालावर 'स्मिथ अँड वेसनसाठी बनवले' असा ठसा मारून तो विकावा लागला. अशी ठशाची रिव्हॉल्व्हरे आजही लिलावात दिसतात. हरलेल्या माणसाने विजेत्याचे नाव स्वतःच्या हाताने कोरावे, असा हा प्रकार.

या सगळ्यात अमेरिकेचे यादवी युद्ध येऊन गेले. १८६१ ते १८६५. सरकारने एकट्या कोल्टकडून १८६० च्या मॉडेलची सव्वा लाखाहून अधिक रिव्हॉल्व्हरे घेतली, आणि रेमिंग्टनकडूनही लाखाच्या घरात. ती सगळी ठासणीची. स्मिथ-वेसनकडे हक्क होता पण त्यांची काडतुसे लहान, .२२ आणि .३२ ची. लष्कराला हवे असलेले दणकट .४४ चे काडतुसी रिव्हॉल्व्हर ते त्या काळात देऊ शकले नाहीत, आणि दुसऱ्या कुणाला देऊ दिले नाही. त्याच सुमारास, १८६२ च्या जानेवारीत, सॅम्युअल कोल्ट वारला. १८६४ च्या फेब्रुवारीत हार्टफर्डच्या कारखान्याचा मोठा भाग आगीत गेला. तो पुन्हा उभा केला कोल्टच्या विधवेने, एलिझाबेथने. निळ्या घुमटासकट. तो घुमट आजही महामार्गावरून जाताना दिसतो.

युद्ध संपले आणि हत्यारांचे डोंगर उरले. घरी निघालेल्या सैनिकांना स्वतःचे हत्यार विकत घेण्याची मुभा होती. बंदूक ६ डॉलरला, रिव्हॉल्व्हर ८ डॉलरला, पगारातून वळते करून. बाकीची कोठारांत पडली. इकडे पेटंटाचे घड्याळ चालू होते. त्या काळच्या कायद्याने मुदत चौदा वर्षांची, म्हणजे ३ एप्रिल १८६९ पर्यंत.

मुदत संपण्याआधीच्या वर्षभरातल्या दोन धडपडी संग्राहकांना फार प्रिय आहेत. पहिली रेमिंग्टनची. सिनसिनाटीचे व्यापारी किट्रेज यांच्यासाठी रेमिंग्टनने १८६८ मध्ये साडेचार हजारांच्या वर आर्मी रिव्हॉल्व्हरे .४६ च्या काडतुसासाठी बदलून दिली. ती स्मिथ-वेसनची रीतसर परवानगी घेऊन, त्यांना पैसे मोजून. ते काडतूस इतके लठ्ठ की त्याच जागेत सहा मावेनात, म्हणून चक्री पाचाची केली. सहा बारांचे हत्यार देऊन पाच बारांचे घ्यायचे आणि वर पैसे द्यायचे, तरी गिऱ्हाईक होते. ठासणीचा लोकांना किती वैताग आला असेल याचा दुसरा पुरावा नको.

दुसरी धडपड कोल्टच्या कारखान्यातल्या अलेक्झांडर थ्यूअरची, पेटंट १५ सप्टेंबर १८६८. स्मिथ-वेसनला एक पैसा द्यायचा नाही, या हट्टातून ती जन्मली. खाना मागे आरपार नको ना, मग काडतूस पुढून घालू. थ्यूअरचे काडतूस मागे निमुळते. ते समोरून खान्यात सरकवायचे आणि जुन्याच दांड्याने ठासायचे. चक्रीच्या मागे एक फिरते कडे. एका जागी ठेवले तर घोडा काडतूस उडवतो, दुसऱ्या जागी फिरवले तर घोड्याचा ठोका रिकामे कवच पुढे ढकलून बाहेर पाडतो. निदान पडावे अशी अपेक्षा. प्रत्यक्षात कवच खान्यात चिकटून बसे आणि घोडा पुन्हा पुन्हा आपटावा लागे. नेम धरून शत्रूवर हत्यार रोखायचे आणि त्यातून काडतुसाचे कवच टपकन खाली पडायचे, हे दृश्य डोळ्यांसमोर आणा. सगळी मिळून पाचएक हजार झाली असतील. वकिलाच्या सल्ल्याने काढलेले यंत्रचित्र पाहायचे असेल तर थ्यूअरसारखा नमुना नाही. मला ते फार आवडते. यंत्र म्हणून ते भिकार आहे.

पेटंट संपले. व्हाइटने मुदतवाढीसाठी काँग्रेसकडे धाव घेतली, विधेयक मंजूरही झाले, आणि ११ जानेवारी १८७० रोजी राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी ते नकाराधिकार वापरून परत पाठवले. सोबत दारूगोळा खात्याच्या प्रमुखाचे, जनरल डायर यांचे, पत्र जोडले होते. त्या पत्राचा आशय असा, की या पेटंटापायी युद्धात सरकारची अडचण झाली आहे आणि व्हाइटला रॉयल्टीपोटी सत्तर हजारांवर डॉलर आधीच पोचले आहेत. युद्धात ठासणीची रिव्हॉल्व्हरे बाळगणाऱ्या सैन्याचा सेनापती स्वतः ग्रँटच होता. त्या सहीमागे काय काय असेल याचा तर्क तुम्ही करा.

आता वाट मोकळी झाली तरी स्मिथ-वेसन पुढेच होते. त्यांचे मोठे .४४ चे मॉडेल १८७० मध्ये आले. अमेरिकन लष्कराने एक हजार घेतली आणि पाठोपाठ रशियाने १८७१ मध्ये वीस हजारांची मागणी नोंदवली. कोल्टकडे नवे मॉडेल तयार नव्हते. होते ते जुन्या भागांनी भरलेले कोठार. आणि लष्कराकडे होती जुनी रिव्हॉल्व्हरे. दोघांची गरज एकमेकांना अशी जुळली आणि रिचर्ड्सला काम मिळाले.

पडद्यावर जे चित्र आहे ते अमेरिकन लष्करासाठी बदललेल्या एका रिचर्ड्स रिव्हॉल्व्हरचे. मूळ वस्तू इथे आणता येत नाही, त्याचे कारण पुढे येईलच. चक्रीकडे पाहा. तिच्यावर जहाजांची लढाई कोरलेली आहे. टेक्सासच्या आरमाराने १६ मे १८४३ रोजी मेक्सिकोच्या जहाजांशी दिलेल्या झुंजीचे चित्र, वॉटरमन ऑर्म्सबी नावाच्या कोरक्याने केलेले. नोटांचे साचे कोरणारा माणूस तो. शिडांच्या दोऱ्यासुद्धा भिंगातून मोजता येतात. हे चित्र ठासणीच्या काळातले. आता चक्रीच्या मागच्या कडेला या. जिथे सहा निपल असायचे तिथे काहीच नाही, सपाट कापलेले आहे. जुनी चक्री मागून कापायची किंवा त्या मापाची नवी करायची, आणि कापल्यामुळे जी फट राहिली तिच्यात हे जाड गोल कडे बसवायचे. रिचर्ड्सची सगळी करामत या कड्यात आहे. उजवीकडे काडतूस घालायचे छोटे दार. मध्ये स्प्रिंगवर बसलेली सुई. घोड्याचे तोंड सपाट केले, तो सुईवर आपटतो आणि सुई काडतुसावर. वर पाहा, नेम धरायची खाच, तीही कड्यावरच. नळीखालचा ठासणीचा दांडा गेला, त्याच्या जागी रिकामी कवचे बाहेर ढकलणारी कांडी आली. मूठ, चौकट, नळी, घोडा, सगळे जुनेच. वाड्याची चौकट तशीच ठेवून आत नवा जिना बांधावा, तसे.

रिचर्ड्सच्या कामात सुबकपणा आहे, थोडा जास्तच. ती स्प्रिंगवरची सुई नाजूक आणि कडे घडवायला खर्चिक. कारखान्यातल्याच विल्यम मेसनने २ जुलै १८७२ च्या पेटंटात ते सोपे केले. सुई थेट घोड्यावर, खाच घोड्यावर, कडे साधे. पुढे व्यापारासाठी केलेल्या रूपांतरांत मेसनची पद्धत चालली. उत्पादनखात्यातला माणूस मेसनच्या बाजूने मत देईल. संग्राहकाचा हात मात्र रिचर्ड्सकडे जातो.

आता भिंग आणखी जवळ न्या. लाकडी मुठीच्या डाव्या अंगाला युद्धकाळातल्या तपासनिसाचा झिजलेला ठसा. चौकटीवर कारखान्याचा मूळ क्रमांक. आणि नव्या भागांवर एक वेगळाच, दुसरा क्रमांक. बदलायला आलेली हत्यारे सुटी केली, कुठले भाग कुठल्या चौकटीचे हे पुन्हा जुळवता यावे म्हणून जुळणीचे नवे आकडे ठोकले. काही भागांवर एकाकी 'ए' अक्षर आहे. ते ऑर्व्हिल एन्सवर्थ या तपासनिसाचे, स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रशाळेतल्या. म्हणजे एकाच हत्यारावर दोन पिढ्यांची तपासणी झालेली आहे. टूलरूममध्ये आम्ही जॉब-कार्ड ठेवायचो, कोणी काय केले त्याची नोंद. इथे ते कार्ड लोखंडावरच आहे. लष्कराने १८७१ च्या सुमारास अशी हजारावर करून घेतली. १८७३ मध्ये कोल्टचे नवे, वरून पट्टी असलेल्या मजबूत चौकटीचे .४५ चे मॉडेल स्वीकारले गेले आणि या तात्पुरत्या हत्याराचे लष्करी आयुष्य उताराला लागले. आरमाराने मात्र १८७३ नंतरही आपली .३६ ची जुनी 'नेव्ही' रिव्हॉल्व्हरे हार्टफर्डला पाठवून .३८ करून घेतली.

या .३८ वर जरा थांबतो, कारण हा आकडा तुम्ही रोजच्या पेपरात गुन्ह्यांच्या बातम्यांत वाचता. .३६ च्या रिव्हॉल्व्हरचे .३८ कसे झाले? नळी मोठी केली का? नाही, नळीला कुणी हात लावला नाही. ठासणीच्या काळातले '.३६' हे नळीच्या आतल्या, खाचा पाडण्यापूर्वीच्या भोकाचे माप. चक्रीचा खाना त्याहून मोठा असतो, .३७५ इंचाच्या आसपास. खाना सरळ आरपार कोरला की त्यात बसणाऱ्या कवचाचा बाहेरचा व्यास .३८ च्या जवळ येतो. आणि गोळी कवचाच्याच जाडीची हवी, नाहीतर ती नळीत सैल जाईल. म्हणून गोळीची मागची बाजू कमी करून तेवढाच भाग कवचात खुपसायचा, बाकी गोळी बाहेर, कवचाशी समतल. शेंगेतून दाणा अर्धा बाहेर यावा तशी ती दिसत नाही, बाटलीच्या बुचासारखीही नाही. चित्रच पाहा म्हणजे झाले. उघड्या गोळीवरच्या चरबीला धूळ चिकटे, म्हणून पुढे संपूर्ण गोळी कवचाच्या आत घेतली. आत घेतली म्हणजे ती बारीक झाली, .३५७ इंच. नाव राहिले .३८. आज जगभर '.३८ स्पेशल' म्हणून जे काडतूस विकले जाते त्याची गोळी .३८ इंचाची नाही, ती .३५७ चीच आहे, आणि त्याचे कारण १८७० च्या दशकात जुन्या चक्र्या कापल्या गेल्या हे आहे.

इंग्लंडची कथा वेगळी आणि थोडक्यात सांगण्यासारखी. तिथे व्हाइटचे पेटंट आडवे नव्हते. तरी तिथल्या लष्करानेही आधी जुन्याची डागडुजीच केली. रायफलींत एनफील्डची स्नायडर केली १८६६ मध्ये, आणि १८६८ मध्ये ब्यूमॉन्ट-अ‍ॅडम्स या ठासणीच्या रिव्हॉल्व्हरांना जॉन अ‍ॅडम्सकडून नवी चक्री बसवून .४५० च्या काडतुसाला लावले. मूळ रिव्हॉल्व्हर त्याचा भाऊ रॉबर्ट अ‍ॅडम्स याच्या रचनेचे. मूळ रचनेत घोडा नुसता चाप ओढूनच उठे; तो अंगठ्यानेही उठवता येईल ही सुधारणा १८५६ ची, रॉयल इंजिनियर्समधल्या ब्यूमॉन्ट नावाच्या लेफ्टनंटची. हे .४५० चे अ‍ॅडम्स १८८० पर्यंत ब्रिटिश लष्कराचे अधिकृत रिव्हॉल्व्हर होते. झुलू युद्धात ते होते. आपल्याकडच्या गोऱ्या अधिकाऱ्यांना रिव्हॉल्व्हर बहुधा स्वतःच्या पैशाने घ्यावे लागे, त्यामुळे अ‍ॅडम्स, ट्रँटर, वेब्ली असे सगळे प्रकार हिंदुस्थानात आले. जाता जाता एक तारीख. अमेरिकेत व्हाइटचे पेटंट संपले त्याच १८६९ साली आपल्या खडकीचा दारूगोळा कारखाना सुरू झाला. दोन्हींचा परस्पर संबंध नाही. पण धातूच्या काडतुसाचे युग एकाच वेळी किती ठिकाणी दार ठोठावत होते ते त्यावरून कळते.

तरुण श्रोत्यांसाठी एक गंमत. 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' तुम्ही पाहिला असेल. १९६६ चा, कथा १८६२ ची. क्लिंट ईस्टवुडच्या हातात जे नेव्ही कोल्ट आहे ते काडतुसावर चालणारे आहे. म्हणजे पटकथेच्या काळात ते अस्तित्वातच नव्हते. सिनेमाच्या सेटवर ठासत बसायला वेळ कुणाला आहे? दिग्दर्शकाची अडचण आणि जनरल डायरची अडचण एकच होती.

आता संग्रहाकडे. बराच काळ या हत्यारांना संग्राहक नाक मुरडत. अस्सल ठासणीचे कोल्ट हवे, नाहीतर १८७३ चे पुढचे. मधले हे कापलेले, बाटलेले, कुठल्याच पंगतीत न बसणारे. काहींनी तर रूपांतरित रिव्हॉल्व्हर घेऊन त्याला पुन्हा ठासणीची चक्री बसवली आणि 'मूळ रूपात आणले' म्हणून मिरवले. ब्रूस मॅकडॉवेल यांचा कोल्टच्या रूपांतरांवरचा जाडजूड ग्रंथ १९९७ मध्ये निघाला आणि मग लोकांना कळले की या 'बाटलेल्यां'मध्ये किती उपप्रकार आहेत. कळले म्हणजे किंमत चढली, आणि किंमत चढली म्हणजे नकला आल्या. आता प्रवाह उलटा. साध्या, झिजलेल्या ठासणीच्या कोल्टला कुणीतरी परसात कडे बसवतो आणि दुर्मिळ म्हणून विकायला ठेवतो. त्यात एक पेच आहे. सीमेवरच्या गावांतल्या लोहार-बंदूकवाल्यांनी १८७० च्या दशकात स्वतःच्या अकलेने केलेली ओबडधोबड रूपांतरे खरोखरच आहेत, आणि तीही अस्सल आहेत. कारखान्याच्या कागदांत त्यांची नोंद नाही. मग ओबडधोबड काम १८७५ चे की १९७५ चे, हे कसे ठरवायचे?

मी तीन-चार ठिकाणी बघतो. स्क्रूच्या खाचा. त्या काळच्या अरुंद असतात, आणि दीडशे वर्षांत कुणाकुणाचे पेचकस घसरलेले असतात. सगळ्या खाचा रुंद, ताज्या आणि एकसारख्या असतील तर प्रश्न विचारावा. कापलेल्या कडा. जुन्या कापाची कड हाताळून मऊ होते, पण गोल होत नाही. गोल झाली असेल तर ती बफिंगच्या चाकावर गेली आहे, आणि चाकावर गेली म्हणजे भोकांच्या तोंडाशी पृष्ठभाग बशीसारखा खोल जातो आणि ठशांचे काठ बुजतात. गंजाचे खड्डे. चौकटीवरचे खड्डे कड्यावर चालू राहतात का? एकाच चामडी म्यानात एकाच दमट कोठीत पडलेल्या दोन भागांचा गंज सारखा हवा. एका भागाला देवी आल्या आहेत आणि शेजारचा कोराकरकरीत आहे, असे होत नाही. आणि निळाई, म्हणजे लोखंडावर चढवलेला निळा थर. नवी, बाटलीतली निळाई बोटाने चोळून हुंगली तर तिला वास येतो. लिलावगृहात हे करताना लोक माझ्याकडे विचित्र नजरेने पाहतात.

जपणूक म्हणाल तर फारसे काही करायचे नसते. चामड्याच्या म्यानात ठेवायचे नाही, कारण कमावलेल्या चामड्यातले आम्ल पितळेवर हिरवे चढवते आणि लोखंडाला ओल धरते. म्यान वेगळे, रिव्हॉल्व्हर वेगळे. वर पातळ मेण. बस्स. एका कारागिराने आपल्या हौशी गिऱ्हाइकासाठी आरशासारखे चकचकीत करून दिलेले एक सरकारी रिचर्ड्स मी हातात घेतले आहे. जहाजे गेली होती. एन्सवर्थचा 'ए' गेला होता. दोन्ही क्रमांक अर्धे गेले होते. गिऱ्हाईक खूश होते. माझ्या दृष्टीने त्या दिवशी त्या वस्तूचा दप्तरखाना जळाला.

हे सगळे प्रत्यक्ष पाहायचे असेल तर हार्टफर्डला जा. वड्सवर्थ अथेनियम या संग्रहालयात एलिझाबेथ कोल्टने दिलेला नवऱ्याचा संग्रह आहे, आणि राज्य ग्रंथालयाच्या संग्रहालयात कारखान्याचा स्वतःचा. तिथून तासाभराच्या आत मॅसॅच्युसेट्सचे स्प्रिंगफील्ड, जुनी सरकारी शस्त्रशाळा, आता राष्ट्रीय स्मारक. अमेरिकेच्या १९६८ च्या केंद्रीय कायद्याने १८९८ पर्यंत बनलेले हत्यार 'अँटिक' ठरते, म्हणून तिथे हा छंद सोपा आहे. राज्यांचे नियम मात्र वेगळे असू शकतात. इंग्लंडने काडतुसांचीच यादी ठेवली आहे. ज्याचे काडतूस आता मिळत नाही ते अँटिक. पण गुन्हेगार जुनी हत्यारे घेऊन त्यांची काडतुसे घरी बनवू लागले, तेव्हा २०२१ मध्ये त्या यादीतून सात काडतुसे वगळली आणि कित्येक संग्राहकांना परवान्यासाठी अर्ज करावे लागले. मला हा बदल योग्य वाटतो. संग्राहकांच्या बैठकीत मी हे बोललो तर चहा मिळत नाही.

आणि आपल्याकडे? १८७८ च्या शस्त्र कायद्याने व्हाइसरॉय लिटनच्या सरकारने हिंदी माणसाला नि:शस्त्र केले, गोऱ्यांना सूट ठेवून. तो जाऊन १९५९ चा कायदा आला. या कायद्याच्या ४५ व्या कलमात जुन्यापुराण्या हत्यारांना सूट आहे, पण ती केव्हा? हत्यार दुरुस्त करूनही किंवा न करताही चालण्याजोगे नसेल तेव्हा. ठासणीचे असो वा काडतुसाचे, ज्याची यंत्रणा धड आहे ते या सवलतीत बसत नाही. रूपांतरित रिव्हॉल्व्हर तर मुळात चालावे म्हणूनच केलेले. त्यात २०१९ च्या दुरुस्तीने एका परवान्यावरच्या हत्यारांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. त्यामुळे इथे हा संग्रह खाजगी माणसाने करायचा म्हटले तरी होत नाही, आणि मी माझे हार्टफर्डजवळच ठेवून येतो.

पण तुमच्यापैकी कुणाच्या तरी जुन्या घरात, आजोबांच्या ट्रंकेत, असे एखादे सापडू शकते. पणजोबा फौजेत होते, कुणाचे संस्थानात दप्तर होते, कुण्या साहेबाने जाताना दिले होते. अशी घरे मला माहीत आहेत. तसे झाले तर चाप ओढून पाहू नका, कारण चक्रीत शंभर वर्षांची दारू अजून जिवंत असू शकते. रॉकेलने पुसू नका, पॉलिश लावू नका, भांडी घासायची वायर तर बिलकूल नको. मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो काढा, ठसे आणि आकडे वहीत उतरवा. मग शस्त्र कायद्याच्या २१ व्या कलमाप्रमाणे ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करा. आधी फोन करा आणि मग जा, हत्यार हातात घेऊन अचानक ठाण्यात शिरू नका. पावती घ्या, पावतीवर क्रमांक बरोबर लिहिला आहे का ते तिथेच वाचून पाहा. आणि अर्जात लिहा की वस्तू ऐतिहासिक असावी, ती नष्ट करण्यापूर्वी संग्रहालयाला दाखवावी. त्या अर्जाची एक प्रत, फोटोंसह, मला पाठवलीत तरी चालेल. पत्ता व्याख्यानमालेच्या कार्यालयात ठेवला आहे.